सहीसाठी गेलेला कागद

जिन्याच्या लोखंडी दारावर पालिकेची नोटीस लागली, तेव्हा बिल्डिंगमध्ये ती सगळ्यात आधी मी वाचली. सकाळच्या शाळेला निघाले होते. मी नेरूळच्या एका मराठी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. समोर छापील कागद आला की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायची सवय आहे. दोन चुका सापडल्या आणि मग मजकूर डोक्यात शिरला. बांधकाम विनापरवाना आहे, न्यायालयाच्या आदेशानुसार ते पाडण्यात येईल, रहिवाशांनी पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी.

मी परत वर गेले. नवरा दाढी करत होता. मी म्हटलं, "आपलं घर पाडणार आहेत." त्याने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं?"

बोनकोडे गावाच्या कडेला चार मजल्यांची ती बिल्डिंग होती. तळमजल्यावर मालक काका-काकी राहायचे, वर आम्ही आठ बिऱ्हाडं. काका इथलेच, आगरी. शहर वसवायला सरकारने गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात त्यांच्या वडिलांची भातशेती गेली. गावठाणातलं जुनं घर चार भावांना पुरेना, म्हणून काकांनी शेताच्या उरलेल्या तुकड्यावर आधी दोन खोल्या बांधल्या आणि मग वर मजले चढवले. कागदोपत्री तो तुकडाही सरकारकडे गेलेला होता. दुसऱ्या मजल्यावरचं एक खोली-स्वयंपाकघर आम्ही त्यांच्याकडून विकत घेतलं, स्टॅम्प पेपरवर लिहून.

त्या संध्याकाळी मी खाली गेले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते. काका खुर्चीत बसले होते, काकी लसूण सोलत होत्या. मी विचारलं, "काका, बांधायची परवानगी होती का तुमच्याकडे?"

"कोनाची?" ते म्हणाले. "आमच्या बापाचं शेत हाय हे. परवानगी कोनाची घेयाची?"

मी म्हटलं, मग विकताना आम्हाला सांगायचं होतं. त्यांनी काकींच्या पुढ्यातली लसणाची एक पाकळी उचलून सोलली. मग शांतपणे म्हणाले, "बाई, तुमीपन इचारलं नाय."

तेवढ्या पैशात स्टेशनजवळच्या सोसायटीत न्हाणीघरसुद्धा आलं नसतं, हे मला आणि नवऱ्याला तेव्हाही ठाऊक होतं. कागद मागितले असते तर ते नसल्याचं कळलं असतं, आणि मग घर घेता आलं नसतं. म्हणून मागितले नव्हते. मुलांना हक्क आणि कर्तव्यं शिकवणारी मी. तो पहिला धक्का मला माझ्याबद्दलच बसला.

कुणा नागरिकाने अनधिकृत बांधकामांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली होती, त्यावर हा आदेश निघाला होता. गावात चौकाचौकात लोक जमू लागले. चौथ्या दिवशी आमदार आले. गावदेवीच्या मंडपात सभा झाली. त्यांनी सांगितलं की सरकार अध्यादेश काढतंय, गरजेपोटी बांधलेली घरं नियमित होणार, कुणी सामान हलवू नका. आठवड्याभरात मंत्रिमंडळाने खरंच अध्यादेशाला मंजुरी दिली. काकांनी सगळ्या मजल्यांवर स्वतः फिरून पेढे वाटले. गुडघे दुखत असताना चौथ्या मजल्यापर्यंत चढले.

आमच्या दारात ते थांबले. "बाई, आता काय राह्यलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, "काही नाही. राज्यपालांची सही."

सभागृहाचं अधिवेशन नसलं की सरकारला अध्यादेश काढता येतो आणि त्यावर राज्यपाल सही करतात, हे मी त्यांना वर्गात समजावते तसं समजावलं. राज्यपाल हे राज्याचे नामधारी प्रमुख, खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे, सही म्हणजे औपचारिकता. इतकी वर्षं हेच वाक्य मी फळ्यावर लिहीत आले होते, आणि एका गुणाच्या प्रश्नाला मुलं ते तसंच्या तसं लिहीत होती. काका निर्धास्त होऊन खाली गेले.

सही झाली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. नोटिशीची मुदत संपली, पण सरकार काहीतरी करतंय म्हणून पालिकेची माणसं आली नाहीत. नवरा रोज कंपनीतून फोन करून विचारायचा, झाली का? जणू सही शाळेच्या ऑफिसात यायची होती. आमदारांचे कार्यकर्ते सांगायचे, आज होईल, उद्या होईल. मग एक दिवस ते म्हणाले, वर काहीतरी अडलंय.

काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, राज्यपालांना अर्ज लिहून द्या. मी म्हटलं, काका, अशा अर्जाने काही होत नसतं. त्यांना ते पटेना. "सही करनारा मानूस हाय ना तो? मानसाला कागद वाचाया येतो." मग मी लिहिला. दीड पानाचा झाला. शेत कधी गेलं, घर कसं वाढलं, कोण कोण राहतं. शेवटी 'आपला नम्र' लिहून काकांनी पेन अंगठ्याने दाबून धरत सही केली. सातवीपर्यंत शिकलेले होते, पण सही करायची वेळ फार आली नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं राजभवनाला गेलो. काकांनी परीटघडीची टोपी घातली होती. फाटकावरच्या पोलिसाने आम्हाला हाकललं नाही. नीट ऐकून घेतलं, कुठे जायचं ते दाखवलं. तिथल्या कारकुनाने अर्ज घेतला आणि आमच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला. आत झाडी आणि पलीकडे समुद्र दिसत होता. काका जरा वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी कडू बोलतील. ते म्हणाले, "जागा चांगली ठेवलीय." परतताना त्यांनी तो शिक्का तीनदा काढून पाहिला.

पुढच्या आठवड्यात न्यायालयात तारीख होती. आम्हा रहिवाशांच्या वतीने वकील होता. काका, मी आणि माझा नवरा मागच्या बाकावर बसलो. आमचा क्रमांक यायला दुपार झाली, आणि सगळं चार-पाच मिनिटांत आटोपलं. सरकारी वकील उभे राहिले. त्यांनी सांगितलं की शासनाने अध्यादेशाचा निर्णय घेतला आहे, तोवर कारवाईला मुदत मिळावी. न्यायमूर्तींनी एकच प्रश्न विचारला. त्यावर राज्यपालांची सही झाली आहे का? वकील म्हणाले, विचाराधीन आहे. मग न्यायमूर्ती शांत आवाजात बोलले. जो कायदा अजून झालाच नाही त्यासाठी न्यायालय थांबू शकत नाही. आणि नियम पाळून, मोठं कर्ज काढून घर घेणाऱ्यांनी मग चूक केली का, असंही त्यांनी विचारलं. विनापरवाना बांधायचं आणि नंतर सरकारने ते पदरात घ्यायचं, याला कायद्याचं राज्य म्हणत नाहीत.

मी ऐकत होते, आणि मला ते पटत होतं. परीक्षेत एखाद्या मुलाने हे लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. माझं घर जात होतं, आणि ते घालवणारा माणूस मला बरोबर वाटत होता. मंडपात बोलणारे आमदारही मला बरोबर वाटले होते, कारण शेत गेलेल्या माणसाने राहायचं कुठे, याचं उत्तर न्यायालयातल्या त्या पाच मिनिटांत कुणी दिलं नव्हतं. नवऱ्याने दंड धरून मला उठवलं.

काकांना इंग्रजी कळलं नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला विचारलं, "काय म्हनला साहेब?"

मी म्हटलं, "सही नाही, तर थांबता येत नाही म्हणाले."

"आनि सही?"

सहीचं उत्तर तीन दिवसांनी बातम्यांत आलं. राज्यपालांनी अध्यादेश सरकारकडे परत पाठवला होता. त्यात कायदेशीर अडचणी आहेत, न्यायालयाच्या आदेशांशी तो विसंगत ठरेल, असं कारण दिल्याचं सांगत होते. म्हणजे सही नाही म्हणून न्यायालय थांबलं नाही, आणि न्यायालयाने आधीच सांगितलं होतं म्हणून सही झाली नाही. मी टीव्हीसमोर उभी होते, हातात पोळीचं पीठ. ज्यांना मी फळ्यावर नामधारी प्रमुख लिहीत आले होते त्यांनी एक कागद परत पाठवला होता आणि त्यासोबत माझं घर गेलं होतं. सरकारने पुन्हा पाठवला तर? नवरा विचारत होता. आमदार त्या दिवशी फोन उचलत नव्हते.

पोलीस बंदोबस्तात पाडकाम सोमवारी होणार असं कळलं. गावातली तरणी माणसं म्हणत होती, मशीन आत येऊ द्यायचं नाही, बायकांना पुढे बसवू. शनिवारी-रविवारी वरची बिऱ्हाडं सामान हलवत होती. आम्हाला नेरूळमध्ये एक खोली भाड्याने मिळाली. रविवारी सकाळी कपाट उतरवायला माणसं आणली, तर जिन्यात दणके ऐकू आले. आम्ही घाबरलो. वाटलं, एक दिवस आधीच आले.

खाली काका होते. हातात पहार. घराची सागवानी चौकट ते भिंतीतून सोडवत होते. धोतर वर खोचलेलं, सगळ्या अंगावर सिमेंटची भुकटी. काकी बाहेर बाकड्यावर बसून होत्या, डोळे कोरडे, तोंडावर पदर. त्यांनी मला सांगितलं की पहाटेपासून चाललंय, ऐकत नाहीत.

मी जवळ गेले. "काका, हे काय करताय?"

"मीच बांधलाय," ते म्हणाले, "मीच सोडवनार. दुसऱ्याचा हात नको लागाया."

अडवायचं ठरवून आलेली गावातली मंडळी ओट्यापाशी गोळा झाली होती. म्हातारा स्वतःच्या घरावर पहार चालवतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी लढायचं कुणासाठी? थोड्या वेळाने त्यांच्यातल्या दोघांनी पुढे होऊन चौकट धरली. दुपारपर्यंत दारं, खिडक्या, स्वयंपाकघरातला कडाप्पा, सगळं अंगणात रचलेलं होतं. सोमवारी मशीन आलं तेव्हा कुणी दगड उचलला नाही. मी शाळेत होते. रजा घेतली नव्हती, कारण मला ते पाहायचं नव्हतं. पाचव्या तासाला नवऱ्याचा मेसेज आला, फक्त 'झालं' एवढाच. मी खडू खाली ठेवला आणि मुलांना वाचत बसायला सांगितलं.

काका-काकी गावठाणातल्या जुन्या घरात धाकट्या भावाकडे गेले. पडवीला पत्रा लावून त्यांना खोली करून दिली होती. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. राग कधी गेला ते सांगता येणार नाही. काकी मला तांदळाची भाकरी वाढायच्या आणि काका राजकारणावर एक शब्द बोलायचे नाहीत.

आणि मग दोन वर्षांनी कायदा झाला. अधिवेशनात विधेयक आलं, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, आणि या वेळी राज्यपालांची सही काही दिवसांत झाली. एका ठरावीक तारखेपूर्वीची घरं अटी घालून नियमित करता येणार होती. आमची बिल्डिंग त्या तारखेच्या कितीतरी आधीची. नवऱ्याने चहा पिताना मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. मला पहिल्यांदा वाटलं तो जुनं काहीतरी वाचतोय. मग मी संपूर्ण मजकूर शोधला. गावदेवीच्या मंडपात आमदारांनी जे सांगितलं होतं, जवळजवळ तेच शब्द होते.

रविवारी मी त्याची छापील प्रत घेऊन बोनकोड्याला गेले. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळण्यापेक्षा मी सांगावं असं वाटलं. काकांनी चष्मा लावला, पण वाचायला मलाच सांगितलं. मी सावकाश वाचत गेले. 'अस्तित्वात असलेली बांधकामे' इथे त्यांनी मला थांबवलं.

"अस्तित्वात म्हंजी?"

"म्हणजे आज जी उभी आहेत ती."

काकी चहा घेऊन आल्या होत्या. त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. काकांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि त्या ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचली, एकेक अक्षर लावत.

"म्हंजी मी थांबलो असतो," ते म्हणाले, "तर?"

मी सांगितलं की तसं नाही. तुम्ही चौकट काढली नसती तरी दुसऱ्या दिवशी मशीनने घर पाडलंच असतं. हे खरं होतं. पण पलीकडच्या गल्लीतली बिल्डिंग, जिथे लोक वाट अडवून बसले आणि पालिकेची माणसं तेवढ्यापुरती परत गेली, ती उभी होती. दोन वर्षांत तिला कुणी परत हात लावला नव्हता. तिच्या गच्चीवरचे कपडे काकांच्या पडवीतून दिसत होते. काकांना ते ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

काकी पुढे आल्या. त्यांनी काकांच्या हातातला कागद काढून घेतला, त्याची घडी केली आणि माझ्याकडे दिली. "बाई," त्या म्हणाल्या, "ह्ये परत वाचून दाकवू नका त्यांना."

तो कायदाही आता न्यायालयात आहे. कुणीतरी आव्हान दिलंय, तारखा पडतात. काकांना मी ते सांगितलेलं नाही.