आमच्या मेव्हण्याचा बिनतारी प्रिंटर

आमच्या मेव्हण्याइतकी यंत्रांवर माया करणारा आणि त्यांचे इतके हाल करणारा दुसरा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. राहतो आटगावच्या बाजूला, आणि आमचं घर मुरबाडहून म्हसाकडे जाताना लागतं. उभा जन्म त्याने म्हसाच्या जत्रेत बैलांची दलाली केली. पुढे शेतात ट्रॅक्टर आले, बैल घटले, पण या माणसाची नजर काही बदलली नाही. बैलांसाठी कमावलेली सगळी विद्या त्याने जशीच्या तशी यंत्रांना लावली. मिक्सर घ्यायला गेला तरी आधी लांब उभा राहून त्याचा बांधा बघतो, मग जवळ जाऊन पाठीवर थाप मारतो, झाकण उघडून दात बघतो, आणि शेवटी दुकानदाराला विचारतो, "खोड काय हाय याला? आत्ताच सांगा." दुकानदार म्हणतो, नवा आहे, खोड कसली? मेव्हणा माझ्याकडे वळून डोळा मारतो. बिनखोडीचं जनावर देवाने जन्माला घातलंच नाही, अशी त्याची खात्री आहे.

त्याच्या पोरीच्या लग्नात वॉशिंग मशीन घ्यायला त्याने मला बरोबर नेलं होतं. किमतीची गोष्ट निघाली तशी याने खांद्यावरचा टॉवेल काढला, तिथल्या पोरसवदा सेल्समनच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं दाबायला लागला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. भाव तोंडाने बोलायचा नाही, टॉवेलखाली बोटांनी सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. हे त्या सेल्समनला कुणी सांगितलेलं? त्याने हात ओढून घेतला आणि मालकाला हाक मारली. मालक आला, तर याने मालकाची बोटं धरली. "काका, आमच्यात नाय असं चालत," मालक म्हणाला. बाहेर पडल्यावर मेव्हणा मला म्हणतो, "दाजी, माणूस खोटा. जो बोट देत नाय तो मशीन काय देणार!"

त्याचे कायदेही ठरलेले. नवीन यंत्र घरी आलं की पहिल्या दिवशी त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. हळदकुंकू लावून ओटीवर ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकेकदा समोरून जायचं, म्हणजे त्याला माणसांची ओळख पटते. दुसरा कायदा, यंत्राच्या मागून कधी जायचं नाही. लाथ कधी बसेल सांगता येत नाही. आता टीव्हीच्या वायरी नेमक्या मागच्या अंगाला. म्हणून हा टीव्हीच्या समोर उभा राहून त्याला कवेत घेतो आणि मागे हात घालून चाचपत चाचपत वायर खोचतो. आमच्या घरी एकदा अशी मिठी मारलेली असतानाच टीव्ही लागला आणि बातम्या देणारी बाई याच्या छातीत बोलायला लागली. आमची ही तांदूळ निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "सोड रे तिला आता. बातम्या तरी सांगू दे."

तर अशा माणसाने प्रिंटर घेतला. तोही बिनतारी. मोबाइलवर बोट लावलं की वायरीशिवाय कागद बाहेर. त्याच्या घरी तो छान चालायचा. हा अंगणात बसून मोबाइलवर बोट दाबायचा आणि कागद पडायच्या आत आपण पोचायचं म्हणून घरात पळत जायचा. गुडघे दुखतात म्हणून एरवी देवळाची पायरी न चढणारा माणूस. काय छापायचा, तर काहीही. सातबारा, आरती, गावातल्या लोकांची आधार कार्डं, एकदा तर स्वतःच्या म्हशीचा फोटो. तो म्हशीच्याच समोर गोठ्यात लावला. म्हशीने तो दोन वेळा हुंगला आणि खाऊन टाकला.

माझी बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि भिंतीला लावायला तिचा एक धड फोटो घरात नाही. होते ते सगळे मोबाइलमध्ये. माणसं येणार, दिवा लावायचा, तर तो कुणापुढे लावायचा? मोबाइलपुढे? मी सरळ म्हणालो, मुरबाडला फोटोवाल्याकडे देऊन टाकू, तो मोठा करून काचेत घालून देईल. फोनवर हे ऐकल्याबरोबर मेव्हणा असा ओरडला की मी फोन कानापासून हातभर लांब धरला. थोरल्या बहिणीला तो बाय म्हणायचा. "नाय दाजी! त्या फोटोवाल्यांकडं मी बाय देणार नाय. सगळ्या मेलेल्या माणसांना ते ढगात बसवतात. तोंड गोरं करतात, पैठणी नेसवतात. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला कोट घातला, आता त्याची बायको रोज फोटोला विचारते, तुमी कोण! बाय जशी होती तशी आपण घरात काढू. मी प्रिंटर घेऊन येतो."

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी तो आला. प्रिंटर जीपमध्ये मांडीवर घेतलेला, तोंड खिडकीकडे, का तर त्याला वारा लागावा. उतरला तो माझ्याशी बोलायच्या आधी सुनेला म्हणाला, "गो सूनबाय, आधी याला सावलीत जागा दे." मी म्हटलं, अरे उद्या माणसं येतील, लाव लगेच. तर म्हणतो, "आत्ता प्रवास करून आलाय. दुपारपर्यंत हात लावायचा नाय." सकाळभर प्रिंटर ओटीवर बसून होता आणि आम्ही एकेक जण त्याच्या पुढून जात होतो. मीही गेलो. काय करणार? तिचा भाऊ आहे.

दुपारी प्रिंटर माजघरात वायफायच्या डबीशेजारी ठेवला. मेव्हण्याने मोबाइल काढला, फोटो उघडला, बोट दाबलं. मोबाइलने सांगितलं, प्रिंटर सापडत नाही. मेव्हण्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. "सापडत नाय म्हणजे काय? हा काय पुढ्यात बसलाय!" असं म्हणून त्याने मोबाइल उचलला आणि प्रिंटरच्या तोंडासमोर धरला. "बघ. बघितलास? हा हाच." मोबाइलला काही दिसलं नाही. मग डबी आणि प्रिंटर एकमेकांकडे तोंड करून बसवले. मग डबी प्रिंटरच्या डोक्यावर ठेवली. मग त्याला वाटलं, घरात गोंगाट फार आहे, त्यामुळे जनावर बुजलंय, म्हणून त्याने टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, आणि शेवटी डबीचंही बटण बंद केलं.

सून इतका वेळ उद्याच्या वड्यांची डाळ भिजत घालत होती. ती हात पुसत आली. "मामा, वायफायच बंद केलंत तर तो चालेल कसा?"

"तो आधी शांत तर होऊ दे गो!"

सुनेने डबी चालू केली आणि प्रिंटरवरचं एक बटण बराच वेळ दाबून धरलं. प्रिंटर गुरगुरला आणि त्याने आपणहून एक कागद बाहेर टाकला. सगळं इंग्रजीत. सुनेने वाचलं आणि म्हणाली, "मामा, हा अजून तुमच्याच घरचं वायफाय शोधतोय. याला आपलं घर माहीतच नाही. हे बटण दाबते, मागचं सगळं विसरेल, मग नवीन जोडू."

मेव्हण्याने झडप घालून त्या बटणावर तळवा ठेवला. "विसरेल? सगळं? मग परत नेल्यावर मला ओळखंल काय?" आणि तिथेच फतकल मारून बसला. मला म्हणाला, "दाजी, मला कळलं याचं दुखणं. याला ओढ लागलीय. तो ढवळा बैल आठवतो? म्हसाला विकला तर दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात येऊन उभा. हा पण तसाच. फक्त याला पाय नायत."

त्याचं म्हणणं आता सांगतो तसं होतं. बैल विकला तर त्याच्या गळ्यातलं दावं विकणारा आपल्याकडे ठेवतो, घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. पण पाहुण्याच्या शेतावर कामापुरता दिलेला बैल मात्र आपल्या जुन्या दाव्यासकट जातो, नाहीतर तो दुसऱ्याच्या गोठ्यात चारा खात नाही. "हा मी विकलाय काय? हा बायच्या कामाला दिलाय. मी मूर्ख, जनावर घेऊन आलो आणि दावं घरी ठेवलं!"

"मामा, वायफाय काय पिशवीत घालून आणणार होतात?" सून म्हणाली.

"आणायला कशाला हवं? तुमच्या वायफायला माझ्या वायफायचं नाव द्या. पासवर्ड पण माझाच द्या. याला वाटंल आपण घरीच हाय."

मला वाटलं, झालं, याचं डोकं कामातून गेलं. पण सुनेने तो इंग्रजी कागद पुन्हा उचलला. त्यावर मामाच्या वायफायचं नाव छापलेलं होतं. ते बघून म्हणाली, "चालेल मामा. खरंच चालेल. पासवर्ड सांगा."

इथे नवीन अडचण उभी राहिली. पासवर्ड मोठ्याने सांगायचा नसतो असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. ओटीवर शेजारच्या दोन बायका उद्याच्या तयारीला मदत करू म्हणून येऊन बसल्या होत्या. मेव्हण्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सुनेच्या हातावर टाकला. सून घाबरून माझ्याकडे बघायला लागली. पोरगी शिकलेली, तिला बैलबाजार काय माहीत! शेवटी मी पुढे झालो आणि टॉवेलखाली हात घातला. कितीतरी वर्षांनी कुणी माझी बोटं अशी धरली होती. तो एकेक आकडा दाबत गेला आणि मी समजत गेलो. सगळे आकडे झाल्यावर मी ते सुनेला खणखणीत आवाजात सांगितले.

"दाजी!" मेव्हणा कळवळला. "मग टॉवेल कशाला घातला मी?"

शेजारच्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. सुनेने आमच्या डबीला त्याच्या डबीचं नाव दिलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग प्रिंटरचा लुकलुकणारा दिवा लुकलुकायचा थांबला आणि स्थिर झाला. मेव्हण्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आला. आला रे माझा वाघ." माझा मुलगा संध्याकाळी कंपनीतून आला आणि दारात उभा राहून फोन वर-खाली करायला लागला. घर तेच, बाप तोच, वायफाय मात्र मामाचं. त्याला पासवर्ड शेजारणींनी सांगितला.

पहिला फोटो निघाला त्यात ती हिरवी होती. मेव्हणा कासावीस झाला, "काविळीत पण एवढी नव्हती गो." सुनेने शाई साफ करायचं काहीतरी केलं. मग दुसरा निघाला. आधी पदर घेतलेलं डोकं आलं, मग कपाळ, कुंकू, मग डोळे, आणि मग उघडं तोंड. अंगणात ती सुपात तांदूळ पाखडत असताना याने काढलेला फोटो, आणि ती याला शिव्या घालत होती. हात वर केलेला, सूप वाकडं, तांदूळ सांडलेले. आमची सून हळूच म्हणाली, "मामा, एखादा हसरा नव्हता का?"

"हसरी? बाय? तू कुणाबद्दल बोलतेस?" मेव्हणा म्हणाला.

मला हसू फुटलं. ती गेल्यापासून मी हसलो नव्हतो, आणि हसलो तर असा की मला भिंतीला टेकून बसावं लागलं. मेव्हणाही हसत होता. मग तो प्रिंटरकडे तोंड करून टॉवेलने त्याच्यावरची धूळ पुसत बसला. सकाळपासून सात वेळा पुसलेल्या प्रिंटरवर धूळ कुठली?

श्राद्धाला आलेली माणसं फोटो बघून आधी दचकली आणि मग म्हणाली, "हीच ती." कुणीही विचारलं नाही की ही कोण. दुसऱ्या दिवशी मेव्हणा निघाला तेव्हा प्रिंटर इथेच ठेवून गेला. बसलेलं जनावर उठवायचं नसतं, म्हणाला. सुनेने त्याच्या फोनमध्ये अशी काहीतरी सोय करून दिलीय की तो आटगावला बसून बोट दाबतो आणि कागद आमच्या माजघरात पडतो.

घरच्या शाईचा फोटो टिकत नाही, हे मला आता कळलंय. त्या भिंतीवर पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन येतं, आणि थोड्याच महिन्यांत कुंकू गुलाबी होतं, मग डोळे पुसट होतात. फोटोवाल्याने काढून दिला असता तर माझ्या मरणापर्यंत टिकला असता. मी मेव्हण्याला फोनवर एवढंच सांगतो, "अरे, ती फिकी पडायला लागली." दुपारी घरात कुणी नसतं. मी आडवा झालेला असतो, आणि माजघरात तो प्रिंटर एकदम गुरगुरतो. मी उठून त्याच्यापुढे जाऊन बसतो. आधी पदर येतो, मग कपाळ, मग कुंकू, लालभडक, मग ते डोळे. सून म्हणते, बाबा, फोटो दुसऱ्या भिंतीवर लावा, तिथे ऊन येत नाही. मी हो म्हणतो. आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावतो.