दारावरची पाटी

करंजाड्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून नावाच्या पाट्या बनवणाऱ्या एका कलाकाराचं छोटं वर्कशॉप आहे. तो आत लाकूड कोरत बसतो आणि बाहेरचं टेबल त्याच्या वहिनी सांभाळतात. ऑर्डर घेणं, फोन, तारखा, सगळं त्यांच्याकडे. त्या येण्याआधी तो प्रत्येकाला ‘उद्या या’ म्हणायचा आणि गिऱ्हाइकं दारात येऊन भांडायची. आता वहिनींना विचारल्याशिवाय कोणी आत जात नाही. माहेर गव्हाणचं, आवाज मोठा, हसणं क्वचित.

श्रावणात एक बाई मुलाबरोबर आल्या. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. वडिलांची पाटी काढून स्वतःच्या नावाची लावायची, तीही दोन दिवसांत, असं मुलाचं म्हणणं. आई पायरीवरच थांबली होती.

वहिनी म्हणाल्या, “दिवालीनंतर या. त्याच्या आदी नाय होनार.”

दोघं गेल्यावर मी म्हटलं, “वहिनी, सध्या तर काम कमी आहे.”

“घाई पोराला हाय, दादा. तिला नाय.”

मला ते फारसं पटलं नाही. दुसऱ्याच्या घरात आपण किती शिरायचं? ते गिऱ्हाईक गेलंच, असं मी धरून चाललो.

दिवाळी झाल्यावर त्या बाई एकट्याच आल्या. मी तिथेच चहा घेत होतो.

“ह्यांची पाटी राहू देणार आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्या शेजारी लावायला माझी एक करून द्या.”

मुलाचं काय, हे वहिनींनी विचारलं नाही. त्यांनी बाईंना नाव विचारलं.