लोह्याचा प्लॉट आणि दाखवायचा नवरा

खिशात पैसे नसताना जमिनीचा धंदा कसा करावा, हे मला नांदेडच्या एका हॉटेलात टाय बांधलेल्या माणसानं शिकवलं. त्यासाठी त्यानं आधी फी घेतली, ते सोडा. युक्ती अशी: विकाऊ प्लॉट हेरायचा, मालकाला थोडा इसार देऊन भाव बांधून घ्यायचा आणि खरेदीखताची मुदत संपायच्या आत जास्त भाव देणारं गिऱ्हाईक आणून उभं करायचं. मधला फरक आपला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या, कारण ट्यूशनच्या पोरांना अपूर्णांक शिकवून मी पार विटले होते.

लोह्यात, लातूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एक प्लॉट विकायचाय असं कळलं. फोन केला, तर मालक म्हणाले, "घरी मानूस कोणी हाय का? त्येंच्याकडं द्या."

पुन्हा केला, पुन्हा तेच. मग मी घरातला माणूस बरोबर घेतला. आमचे हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. जमिनीतलं त्यांना कळतं ते मातीच्या सामूपुरतं. गाडीत मी बजावलं, "तुम्ही फक्त मान हलवायची."

"आणि काही विचारलं तर?"

"चहा प्यायचा."

मालकांनी यांना खुर्ची दिली आणि मला आत पिटाळलं. आत मालकीणबाई भाकरी थापत होत्या. पाट सरकवत त्यांनी सरळच विचारलं, "सरांना प्लॉट कशाला पायजे?"

"सरांना नाही मावशी, मला."

"तू काय करनार त्याचं?"

यावरचं उत्तर टायवाल्यानं पाठ करून घेतलं होतं. गुंतवणूक, भविष्य वगैरे. पण त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की ते तोंडातून निघेना. "विकणार," मी म्हणाले. "घ्यायच्या आधीच."

त्यांचा हात थांबला. "म्हंजे माझीच वस्तू दुसऱ्याला इकून वरचे पैसे तू खानार?"

"हाव."

त्या इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. "मग तसं सांग की! प्लॉट माझ्या नावावर हाय. बाहेर बसलेत ते नुसते फोन उचलतेत."

मी भाव कमी करायला गेले, तर त्यांनी तो वाढवला. घाबरून मी पहिल्याच भावाला हो म्हणाले. शिवाय एक अट पडली. "कुणालाबी इक, पन माझ्या जावेच्या माहेरच्यांना न्हाई."

बाहेर मालक यांना गुडघेदुखी सांगून राहिले होते आणि हे, ठरल्याप्रमाणे, मान हलवत होते. इसारपावतीत 'मी सांगेन त्याच्या नावे खरेदीखत' असं वाक्य घालून आम्ही निघालो.

गिऱ्हाईक मात्र मिळेना. नांदेडचे बिल्डर "बघू" म्हणायचे. उमरीहून एक कुटुंब आलं, प्लॉटवर डबा खाल्ला, फोटो काढले आणि गेलं. मुदत संपत आली तेव्हा लातूरचा एक हार्डवेअरवाला भेटला. त्याला गोदामाला जागा हवी होती. मी सांगितलेल्या भावाला तो एका दमात हो म्हणाला. आणखी जास्त का सांगितला नाही, म्हणून मला रात्रभर झोप लागली नाही.

खरेदीखताच्या दिवशी पेन हातात घेतल्यावर मालकीणबाईंनी त्याला विचारलं, "गाव कोनतं तुमचं?"

"शिरूर अनंतपाळ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. जावेचं माहेर कुठलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी त्याचं आडनाव विचारलं, भाऊबंद विचारले, देवक विचारलं. हार्डवेअरवाला पोराचं स्थळ घेऊन आल्यासारखा उत्तरं देत होता.

"गाव तेच हाय," शेवटी त्या म्हणाल्या, "पन घरानं दुसरं हाय, बरं दिसतंय," आणि सही केली.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. नांदेडला प्लॉट घ्यायचा होता. मी गाडी काढली, उन्हातान्हात हिंडवलं, तिथल्या मालकाशी भांडून भाव पाडून दिला. सगळं झाल्यावर चाचरत दलालीचा विषय काढला.

"अगं," त्या खऱ्याखुऱ्या दुखावल्या, "घरच्याकडून कोनी दलाली घेतं का?" आणि पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून माझ्या हातात दिला.