दुखत नसल्याची सही

ऑगस्टचा शेवटचा मंगळवार उजाडला की सरोवराकाठच्या त्या शहरात डोंगराएवढे पुरुष दबक्या पावलांनी चालू लागतात. तिथल्या संघाच्या तळावर निवडीची वाट बघणारे नव्वद खेळाडू. दुपारी चारला यादी बंद होणार आणि तिच्यात त्रेपन्नच नावं उरणार. जो राहिला तो घरचा, जो गळला तो वाटसरू.

कॉर्डेल टॉलिव्हर त्या नव्वदांतला एक. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या लहानशा गावचा. वजनाने एकशे चाळीस किलो, स्वभावाने लोणी. लांबुळक्या चेंडूच्या त्यांच्या फुटबॉलमध्ये तो अडवणारा गडी. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात छाती रोवायची, धडका सोसायच्या आणि आपलं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही म्हणजे काम चोख झालं असं समजायचं. सलग तीन वर्षं, तीन शहरांत, याच मंगळवारी तो गळला होता. हे चौथं शहर शेवटचं, असा त्याने आईला शब्द दिला होता. राहिलो तर खेळाडू. नाही तर गावच्या मासळीतळ्यांवर जाळी ओढायला.

आणि शनिवारच्या शेवटच्या सराव-सामन्यात त्याचा डावा गुडघा आतल्या आत पिळवटला.

कुणी पाहिलं नाही, त्यानेही दाखवलं नाही. या मंडळींत एक समजूत जुन्यांकडून नव्यांकडे चालत आलेली आहे: बर्फाच्या टबात बसलेला माणूस यादीत बसत नाही. म्हणून कॉर्डेल उपचाराच्या खोलीवरून शीळ घालत गेला आणि मोटेलच्या खोलीत दार लावून गोठवलेल्या मटारची पिशवी गुडघ्याला बांधून बसला. हे प्रभू, मंगळवारपर्यंत हा पाय माझा राहू दे, एवढंच मागत बसला.

मंगळवारी न्याहारीच्या टेबलावर फोली समोर आला. संघातला जुना गडी, अकरा हंगाम खेळलेला, तुटक्या नाकाचा, सात अंडी खाऊन आठव्याकडे बघणारा.

"जिना उतरताना कठडा का धरत होतास रे?"

"झोप झाली नाही."

"तुझी झोप गुडघ्यात असते होय?" फोलीने आवाज उतरवला. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. दुखापत लिहून दे. दुखावलेल्याला असं हाकलता येत नाही. बरा होईपर्यंत संघाला पोसावं लागतं."

"आणि माझी जागा? ती कोण सांभाळणार?"

"गाढवा, जागा त्यांची आहे. पाय तुझा आहे."

"अकरा वर्षं पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला पथ्य सांगू नये, म्हाताऱ्या."

एरवी अशा टोल्यावर फोली गडगडून हसला असता. त्या दिवशी त्याने ताट सरकवलं आणि तो उठून गेला.

अकरा वाजता मार्गिकेत ब्रूबेकर दिसले. संघाच्या कचेरीतले, गळलेल्यांना बोलावणं पोचवणारे; करड्या सदऱ्यातले किरकोळ गृहस्थ, कधी कुणाला वाकडा शब्द न बोलणारे. पण त्या दिवशी ते समोरून आले की दांडगे गडी बुटाचे बंद बांधायला खाली वाकत. कॉर्डेलही वाकला. खांद्यावर हलका हात पडला.

"कॉर्डेल, प्रशिक्षकांनी बोलावलंय. टॅबलेट बरोबर घे."

टॅबलेटमध्ये संघाचे सगळे डाव. तो परत मागितला, म्हणजे काही बोलायचं उरलं नाही. आत प्रशिक्षक दोन मिनिटं चांगलं बोलले. कॉर्डेलला त्यातलं एक वाक्यही पुढे आठवलं नाही.

मग निरोपाची वैद्यकीय तपासणी. बाहेर गळलेल्यांची रांग, आत घाईतला डॉक्टर आणि एक कागद. कागदावर दोन चौकटी: मला दुखापत आहे, मला दुखापत नाही.

पहिल्या चौकटीत खूण केली तर उपचार होते, पगार होता, फोलीचा शहाणपणा होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत बाकीचे एकतीस संघ गळलेल्यांची नावं चाळून हवी ती उचलणार होते. आणि लंगडा बैल बाजारात कोण घेतो? बुडणाऱ्याच्या हातात दोर होता, आणि दूरच्या नावेला खुणावायला त्याला तोच हात हवा होता.

"काही दुखतंय?" डॉक्टरने विचारलं.

"नाही."

डॉक्टरने गुडघा दोनदा वाकवला. कॉर्डेल छताकडे बघत हसला. दुसऱ्या चौकटीत खूण केली, खाली सही ठोकली आणि कचऱ्याच्या काळ्या पिशवीत आपले बूट-कपडे भरून तो बाहेर पडला.

बुधवारी दुपारचे बारा वाजले. एकाही संघाने नाव उचललं नाही. आईचा फोन आला.

"बाळा, अख्खं चर्च तुझ्यासाठी गुडघे टेकून बसलंय."

"बसू दे, मम्मा. उठू नका म्हणावं इतक्यात."

दोन वाजता फोन वाजला, आणि देव आहे असं त्याला वाटलं. डोंगराळ मुलखातल्या एका संघाचा अडवणारा गडी जायबंदी झाला होता. उद्या ये, तपासणीत उतरलास तर तिथेच करार.

गुरुवारी सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला. ठेवला मात्र, कॉर्डेलच्या कपाळावर घाम उभा राहिला.

"पाणी झालंय. आतला अस्थिबंधही फाटलेला दिसतो. कधीपासून?"

त्याने बाहीने घाम पुसला.

"हे ओझं तुमच्या आधीच्या संघाचं आहे. त्यांच्याकडे जा, त्यांना बघावंच लागेल."

"मी ठीक असल्याचं त्यांना लिहून दिलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पुन्हा बघा," तो म्हणाला. "मॅडम, तुमचा अंगठा चुकला असेल. मी बैठक काढून दाखवतो. एकच. बघा तर."

"टॉलिव्हर, नको."

तो टेबलावरून उतरला, हात पुढे धरले आणि खाली बसला. बसला तो बसलाच. एकदा जोर केला, पुन्हा केला. धडकांपुढे न हललेला तो देह जमिनीवरून वीतभरही वर येईना.

"मी कुणाला तरी बोलावते."

"नको! बाहेरच्यांना दिसेल." त्याने त्यांच्या पांढऱ्या कोटाचं टोक मुठीत धरलं. "दार तेवढं बंद ठेवा. मी उठतो. एक मिनिट द्या मला, मी उठतो."

बाईंनी दार लावून घेतलं. तो फरशीवर तळवे टेकून पुन्हा जोर करू लागला.