खड्ड्याचं भूमिपूजन

खड्ड्याचं भूमिपूजन झालेलं गाव मी आयुष्यात एकच पाहिलं. ते रेणापूर तालुक्यात आहे आणि त्या प्रकरणाला थोडीफार मीही जबाबदार आहे.

नांदेडला जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि लातूरला मुलीकडे राहायला आले. घरात बसून जावयाच्या चुका काढण्यापेक्षा बाहेर काहीतरी कर, असं मुलीनंच सुचवलं. म्हणून मी एका संस्थेत जाऊ लागले. मोठ्या आजाराशी झुंजणाऱ्या लेकरांची एकेक इच्छा ही संस्था पुरी करते. माझं काम सोपं होतं. दवाखान्यात जायचं, लेकराशेजारी बसायचं आणि तुला काय पाहिजे ते विचारायचं. कुणी सायकल मागे, कुणी टॅब, कुणाला पोलीस व्हायचं असे. एकानं मला शाळाच बंद करायला सांगितली होती. माझी सगळी नोकरी शाळेत गेलेली, मी त्याला सायकलीवर आणलं.

ही पोरगी आठ-नऊ वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर. डोक्यावर केस नव्हते, पिवळी टोपी होती आणि त्या टोपीखालून ती माझ्याकडे अशी बघायची की परीक्षा माझीच चालू आहे असं वाटावं. मी प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर आलं.

"मला जेसीबीनं खड्डा करायचाय."

"केवढा?" मी विचारलं. सवय जात नाही.

"लई मोठा."

शेजारी तिची आई मऊ भात कालवत होती. तिनं ताटली खाली ठेवली आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. "मॅडम, तिला दुसरं काय बी मागू द्या. आजारी लेकरू खड्डा मागायलंय. चांगलं हाय का हे?" मी शकुन-अपशकुन मानत नाही, वर्गात त्यावर पोरांना तासतास बोलले आहे. पण तेव्हा खड्ड्याचा तो दुसरा अर्थ माझ्याही डोक्यातून जाईना.

आत येऊन मी सौदा करून पाहिला. "जेसीबीत बसून फोटो काढू या?"

"खड्डा."

"आधीच पडलेला खड्डा बुजवलास तर? बुजवायला पण जेसीबीच लागतो."

"तो दुसऱ्याचा असतोय."

"बरं, विमानात बसतेस का?"

"विमानानं खड्डा होतो का?"

मी हात टेकले. "पण खड्डाच कामून गं?"

"मजा येती," ती म्हणाली. दिवसभर आईच्या मोबाईलवर ती जेसीबी माती उकरताना बघत पडायची, त्यातून हे निघालं होतं. एवढं साधं कारण, आणि आम्ही दोघी मोठ्या बायका बाहेर घाम पुसत उभ्या होतो.

डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. पण पुढची ट्रीटमेंट कडक होती. ती सुरू झाली की कित्येक महिने पोरगी कुठं जाऊ शकणार नव्हती. तेव्हा येत्या रविवारी जमलं तर जमलं. तोंडाला मास्क हवा, धूळ नको, ऊन नको, गर्दी तर मुळीच नको. मी सगळ्याला मान हलवली. आमच्याकडे कुणाचं जावळ काढायचं म्हटलं तरी अर्धा तालुका जेवायला येतो, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. ते पुण्याचे होते.

पोरीच्या वडिलांनी गावालगतच्या रानाचा एक कोपरा दिला. मी उन्हासाठी छोटा मांडव घालायला सांगितला आणि धूळ बसावी म्हणून पाणी मारायला टँकर बोलावला. जेसीबीवाला भला माणूस, त्यानं हौसेनं मशीन धुतली, तिला झेंडूचा हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. घोटाळा इथंच झाला. मांडव, टँकर आणि हार घातलेला जेसीबी एका जागी दिसले, की आमच्या भागात त्याचा एकच अर्थ होतो. काम मंजूर झालं.

मी पोचले तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं. सरपंच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात नारळ. बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन. भोंगा लागलेला. कुणी म्हणे पाण्याची टाकी, कुणी म्हणे समाजमंदिर. तेवढ्यात माजी सरपंच आपली माणसं घेऊन आले. "काम कुठं करायलेत हे? रस्ता तर आमच्या गल्लीचा मंजूर झालाय," असं म्हणत ते जेसीबीच्या पुढ्यात आडवे उभे राहिले. आपल्याला न विचारता कुठलं काम आलं हे सरपंचांनाही माहीत नव्हतं, पण श्रेय सोडायला ते तयार नव्हते. "आम्ही आणलंय," ते म्हणाले.

मला त्यांनी बांधकाम खात्याची मोठी साहेब ठरवलं होतं. मी नको नको म्हणत हात वर केला, तर त्या हातावरच शाल पडली. पाठोपाठ नारळ, मग गुच्छ. पोरीच्या वडिलांचा सत्कार झाला, टँकरवाल्याचा झाला. भाषणं सुरू झाली. मी तीनदा सांगायला गेले, तीनदा मला खुर्चीत बसवून हातात चहा दिला.

पोरगी लांब गाडीत, काचा वर करून बसली होती. मी कशीबशी तिच्यापर्यंत पोचले. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते आणि ते मिटायला लागले होते. "मॅडम, कधी?" तिनं विचारलं. तिची आई हळूच म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. दमली. घरी नेते." खड्डा टळतोय म्हणून तिचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता, ते मला कळत होतं. पण पोरीनं मान काचेला टेकली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

मी परत गेले आणि चालू भाषणातून माईक ओढून घेतला. "खाली बसा सगळे. हाताची घडी, तोंडावर बोट."

बसले. अहो, खरंच बसले. माजी सरपंचांचं बोट तर ओठापर्यंत गेलं होतं. मग मी सांगितलं. काम कसलंच नाही, गावातली एक लेक आजारी आहे, तिला एक खड्डा करायचाय आणि तुमच्या भाषणांनी तिचा दिवस चाललाय. बायकांनी ताटं खाली ठेवली. लोक आपणहून मागे सरकले, पार बांधापलीकडं.

प्रश्न फक्त नारळाचा राहिला. पूजेला घेतलेला नारळ सरपंचांना तसाच घरी नेता येईना. ते इकडंतिकडं बघत उभे राहिले आणि शेवटी त्यांनी तो फोडला. "आज आपल्या गावात खड्ड्याच्या कामाचा शुभारंभ झाला, असं मी जाहीर करतो," ते म्हणाले. माजी सरपंच म्हणाले, "ह्यांच्या काळात एवढंच व्हायचं राहिलं होतं." त्यावर मात्र सगळे हसले, गाडीतली पोरगीसुद्धा.

जेसीबीवाल्यानं तिला पुढ्यात घेतलं, तिचे हात दांडीवर ठेवले आणि वर आपले ठेवले. बकेट खाली गेली. काळी माती सुटून वर आली आणि पोरगी अशी किंचाळली की बांधावरची कुत्री पळाली. तिनं पुन्हा केलं, पुन्हा केलं. बांधापलीकडून गाव सल्ले देत होतं, थोडं डावीकडं, थोडं खोल. तिची आई तेवढा वेळ गाडीकडं तोंड करून, पदर तोंडाला लावून उभी होती.

"आता लगेच बुजवा," काम संपल्यावर आई जेसीबीवाल्याला म्हणाली.

"न्हाई," पोरगी वरून म्हणाली. "माझा खड्डा हाय. इंजेक्शनं संपली की मीच बुजवणार. कुणी हात लावायचा न्हाई."

आई वळली. तिनं पोरीकडं आणि मग त्या खड्ड्याकडं पाहिलं. "बरं," ती म्हणाली.

पुढचे महिने वाईट गेले. दोनदा आम्हाला वाटलं, संपलं. तिकडं गावात तो खड्डा सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला होता. सरपंचांचा फोन यायचा, "मॅडम, वासरू पडलं, काढलं वर." पेरणीच्या वेळी वडिलांनी तो बुजवायचा विषय काढला, तर दवाखान्यातून आई फोनवर त्यांच्यावर कडाडली. "हात लावला तर बघा. तिचा हाय तो." सोयाबीन खड्ड्याला वळसा घालून पेरलं गेलं. आई दवाखान्यातून एक दिवस सवड काढून गावी गेली आणि स्वतःच्या हातानं भोवती बाभळीचे काटे लावून आली.

पोरगी बरी झाली. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मी त्या पुण्याच्या माणसाला मिठी मारली, आणि अजून त्याची मला लाज वाटत नाही.

पावसाळा सरल्यावर आम्ही रानात गेलो. तिच्या डोक्यावर बोटभर केस आले होते, अंगात नवा फ्रॉक होता. जेसीबीवाला मशीन घेऊन तयार. खड्डा पाण्यानं भरला होता आणि काठावर बेडकं बसली होती. पोरगी वाकून बघत राहिली.

"बुजवायचा न्हाई," ती म्हणाली.

"अगं, तूच तर म्हणाली होतीस."

"मग बेडकं कुठं जातील?" असं म्हणत ती आणखी वाकली, पाय घसरला आणि थेट चिखलात, कमरेइतकी.

आईनं दंडाला धरून तिला वर ओढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. "कार्टे, कालच घेतलाय की फ्रॉक. अक्कल हाय का न्हाई तुला?"

आजार कळल्यापासून पोरीवर आवाज चढवायची कुणाची छाती झाली नव्हती. पोरगी क्षणभर आईकडं बघत राहिली आणि मग तिनं भोकाड पसरलं. वडिलांनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. आई मात्र थांबली नाही. गाव येईपर्यंत ती तिला रागावत होती, आणि आम्ही मागून ते ऐकत चाललो होतो.