काढून टाकलेलं पान

"घेन्ना! की घेन्ना!"

आमचे पोस्टमास्तर सकाळी हे म्हणतच कचेरीत पाऊल टाकायचे. बंगालीत घेन्ना म्हणजे किळस. तिकिटं भिजवायचा स्पंज दोन बोटांत धरून ते खिडकीबाहेर पिळायचे आणि त्यातलं हिरवट पाणी पाहून असं तोंड करायचे, की जणू ते आम्ही त्यांना प्यायलाच दिलंय. तुमच्याही ऑफिसात असा एखादा सोवळा माणूस असेलच.

कचेरी होती कलकत्त्याच्या दक्षिणेला, बालीगंजहून लोकलने काही स्टेशनं पुढे, एका लहानशा गावात. शहर सरकत सरकत तिथवर आलं होतं. नळ आणि दिवे मात्र मागेच राहिले होते. मी अडुसष्ट साली तिथे कारकून म्हणून लागलो. आम्ही आजोबांपासून बालीगंजात, माझी शाळाही बंगाली. तरी मास्तर मला 'बर्गी' म्हणायचे. दोन शतकांपूर्वी मराठ्यांचे जे स्वार बंगाल लुटून गेले, त्यांचं हे इकडचं नाव. "काय हो बर्गी, आज लुटायला उशीर?" लोकल चुकली की हे ठरलेलं.

किळस यायला निमित्त शोधावं लागत नव्हतं, हेही खरंच. लोक भाताचं शीत लावून तिकीट चिकटवायचे, मग पत्रांना मुंग्या. टपालपेटीत पानाची पिचकारी. थंडीत खजुराच्या गुळाची पार्सलं पाझरून अख्खी थैली चिकट व्हायची. शिवाय दिवस दंग्याधोप्याचे. एकदा कुणीतरी पेटीत पेटता बोळा टाकला. अर्धवट जळालेली पत्रं आम्ही चिमट्याने वेगळी करत बसलो. त्या राखेत हात घालताना मास्तर एक अक्षर बोलले नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

एका दिवाळीत पुण्याच्या आत्याने माझ्या नावे कचेरीच्या पत्त्यावर लाडू धाडले. डबा कापडात शिवलेला, पण तूप काही ऐकेना. शेजारची पाकिटं अशी तेलकट झाली, की न फोडता आतला मजकूर वाचावा.

"बर्गी! तुमच्याकडे टपालाने तूप पाठवतात?"

"लाडू आहेत, मास्तरमशाय."

"होते," ते म्हणाले. मग टीपकागदावर ठेवून त्यातला एक खाल्ला, चांगला लागला असं कबूल केलं, आणि मागच्या पंपावर जाऊन दोनदा साबणाने हात धुतले. हात ते सारखे धुवायचे.

एका माणसाची मात्र त्यांना कधी किळस आली नाही. दर शनिवारी निर्वासितांच्या वस्तीतून एक बाई यायची. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली, साठीकडे झुकलेली. पाय चिखलाने भरलेले, पायरीपासून खिडकीपर्यंत ठसे. ती विचारायची, "मास्टार, माझं काही आलंय?" मास्तर खुर्चीतून उठून उभे राहायचे. "नाही, मा." ती जायची. एरवी पोस्टमनच्या चपलांवरून आकाशपाताळ एक करणारा हा माणूस ते ठसे स्वतः पुसायचा. आम्ही कारकून मंडळी फिदीफिदी हसायचो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग कचेरीला शंभर वर्षं भरली. वरून हुकूम आला: समारंभ करा, कचेरीचा इतिहास लिहा, साहेब येतील, त्यांच्यासमोर वाचा. छताला गळती, पंखा वर्षभर बंद, त्यासाठी दहा अर्ज केले तरी कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण इतिहास हवा! भिंतींना चुना लावला तोसुद्धा साहेबांच्या खुर्चीसमोरच्याच. मला तर त्या सगळ्या थाटाचा उबग आला होता.

इतिहास मास्तरांनी लिहिला आणि माझं बंगाली अक्षर बरं म्हणून सुवाच्य प्रत करायला आणि समारंभात वाचायला मला दिला. पहिली पानं ठीक होती: कुठला साहेब कधी येऊन गेला, तारयंत्र कधी आलं. शेवटच्या पानावर मी थबकलो.

फाळणीच्या सुमारास मास्तर याच कचेरीत नवे कारकून होते. वस्तीत झोपड्याच झोपड्या, ना नंबर ना गल्ली. सीमेपलीकडून पत्रं यायची: अमकी बाई, निर्वासितांची वस्ती, तळ्याजवळ. पोस्टमन गुडघाभर चिखलातून शोधून शोधून कंटाळले. त्या वेळचे मास्तर म्हणाले, 'पत्ता अपुरा' असं लिही आणि परत पाठव. यांनी लिहिलं. पुढे पुढे तर पोस्टमनला बाहेरही न धाडता, टेबलाशी बसल्या बसल्या लिहिलं. पानावर त्यांना आठवणारी नावं होती. त्यात शनिवारच्या बाईचं नाव होतं. नवऱ्याची तीन पत्रं आली होती आणि तिन्ही परत गेली. 'मी बरीच गावं फिरलो. शेवटच्या वर्षांसाठी ही कचेरी मागून घेतली. पहिल्याच शनिवारी तिने खिडकीत नाव सांगितलं. आजवर मला खरं बोलायचं धाडस झालं नाही.' खाली सही.

पान घेऊन मी घरी आलो. बायकोला वाचून दाखवलं.

"अहो, दोन महिन्यांत रिटायर होणार ना ते? साहेबांसमोर हे वाचलं तर पेन्शन अडकेल त्यांचं," ती म्हणाली. "आणि वाचणारे तुम्ही! नसत्या भानगडीत कशाला पडताय?"

मी ते पान काढलं. मास्तरांच्या भल्यासाठी, असं मनाशी म्हणालो. खोटं कशाला बोलू? माझं नाव बढतीच्या यादीत होतं आणि साहेब पुढच्याच आठवड्यात यादीवर सही करणार होते.

समारंभाच्या दिवशी मास्तर धुतलेलं धोतर नेसून आले होते. मागच्या बाकावर शनिवारची बाई बसली होती. मास्तरांनीच तिला बोलावलं होतं. "आज तुझं नाव सगळ्यांसमोर वाचतील," एवढंच सांगून. हे मला आधी माहीत असतं तर? तरीही मी तेच केलं असतं, स्वतःला चांगलं ओळखतो मी. खणखणीत आवाजात वाचत गेलो. शेवटी माझ्या पदरची ओळ जोडली होती: अशा निष्कलंक सेवेची परंपरा आजचे पोस्टमास्तर चालवीत आहेत. टाळ्या. साहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली. मास्तर माझ्याकडे बघत राहिले, आणि मी संदेश मिठाईच्या बशा वाटायला उठलो.

पांगापांग झाल्यावर ती पायरीवर त्यांना म्हणाली, "मास्टार, माझं नाव आलंच नाही."

त्यांनी तिथेच, उन्हात उभं राहून, तिला सगळं सांगितलं. तीन पत्रं, कुणी परत पाठवली, कसं लिहून. मला वाटलं ती आता शिव्याशाप देईल, पायातली वहाण काढील. तिने नुसतं विचारलं, "तीन?"

"तीन, मा."

"म्हणजे तो लिहीत होता," ती म्हणाली. वस्तीत सगळे म्हणायचे की त्याने दुसरा घरोबा केला असेल, आणि तीही तेच धरून चालली होती. ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मास्तर तिच्याजवळ उभेच होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते पान पुन्हा लिहून, सही करून वर धाडलं. चौकशी लागली. पेन्शन लटकलं ते लटकलंच. ते मेदिनीपूरकडे भावाच्या गावी गेले आणि तिथेच वारले, असं नंतर कानावर आलं. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मला बढती मिळाली.

ती बाई पुन्हा खिडकीशी आली नाही. पण त्या दिवशी पायरीवरून उठताना तिने मला विचारलं होतं, "बाबा, तू का नाही वाचलंस?"

"राहून गेलं," मी म्हणालो.

पान तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होतं.