भिंतीवरचं चित्र काढून घ्या

उज्जैनच्या मराठी घरांत कपाचा कान तुटला की बायका म्हणत, टाकू नका, यज्ञेश्वररावांना द्या. फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणतात, आणि या गृहस्थाला नेमकं फुटकंच हवं असे.

यज्ञेश्वररावांचे पणजोबा शिंदे सरकारच्या पागेत कारकून होते. हे स्वतः माधव नगरजवळच्या एका कॉलेजात इमारतींची देखभाल बघत. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मुंबईच्या एका तरुण आर्किटेक्टने कॉलेजच्या जिन्याला गोल वळणारी भिंत दिली आणि तिच्यावर चिनी मातीच्या तुकड्यांचं चित्र बसवलं. त्यात ना देव, ना राजा. निळ्या पट्ट्यांची क्षिप्रा आणि वर पिवळा सूर्य, बस्स. ते तुकडे गोळा करायला यज्ञेश्वरराव घरोघर हिंडले होते. तेव्हापासून त्यांचा जीव त्या भिंतीत अडकला तो अडकलाच.

पुढे तिची पार रया गेली. निवडणुकीची पत्रकं, पानाच्या पिचकाऱ्या, निम्मी क्षिप्रा गळालेली. दुरुस्तीचा विषय निघाला की प्राचार्य भय्यासाहेब ‘देखेंगे’ म्हणत, आणि साहेबलोकांच्या ‘देखेंगे’ला डोळे नसतात. मग मध्यभारत जाऊन नवा मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला गेली, कॉलेज नव्या विद्यापीठात जायचं ठरलं. त्याच कामासाठी भोपाळला निघालेले भय्यासाहेब टांग्यात बसता बसता म्हणाले, “यज्ञेश्वरराव, मी परत येईपर्यंत ते भिंतीवरचं चित्र काढून घ्या. अगदी व्यवस्थित.”

एरवी ऑफिसात ते हिंदीतच बोलत. ‘हटवा दो’ म्हणाले असते तर प्रश्नच नव्हता. पण त्या दिवशी साहेब खुशीत होते, मायबोली ओठांवर आली, आणि मराठीत चित्र काढणं म्हणजे रेखाटणंही आणि उखडणंही. आनंदाच्या भरात यज्ञेश्वररावांच्या मनाला दुसरा अर्थ शिवलासुद्धा नाही.

त्यांनी मिस्त्री लावला, कागद खरवडले, भिंत स्वतः घासली. पत्नी मंगलाबाई ओळखीच्या घरांतून फुटक्या बश्या घेऊन आल्या. गडद निळा रंग काही मिळेना, तेव्हा त्यांनी लोणच्याची धडधाकट बरणी अंगणात आपटली. सासूबाईंची होती, पण झाकण मेलं कधी नीट बसलंच नाही, एवढंच म्हणाल्या.

निम्मी नदी भरून झाली आणि हेडक्लार्क शरच्चंद्र तिथे आले. त्यांनी कपाळावर हात मारला. साहेबांना सगळं उखडून सपाट चुना हवा होता, विद्यापीठाची पाटी तिथे लागायची होती. यज्ञेश्वररावांना नोकरीची भीती वाटलीच, पण भिंतीची जास्त वाटली.

“बाबूजी, रोक दें?” मिस्त्रीने विचारलं.

अर्धवट सोडलं तर दोन्ही अर्थांनी चूक. पूर्ण केलं तर निदान एका अर्थाने बरोबर.

“नहीं,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “सूरज भी पूरा करो.”

भय्यासाहेब परतले तेव्हा सकाळचं ऊन भिंतीवर आलं होतं. टांग्यातून उतरून ते जिन्याशी थबकले. यज्ञेश्वररावांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. आधी चुकून केलं, कळल्यावर मुद्दाम केलं, आता आपण म्हणाल तसं.

भय्यासाहेब दोन पायऱ्या चढून गेले, पुन्हा खाली आले, मान तिरकी करून बघितलं. दहा वर्षं ते याच जिन्याने चढत होते.

“आता पुन्हा ‘काढा’ म्हणायचीही चोरी,” अखेर ते म्हणाले. “तुम्ही समोरची भिंतसुद्धा भरून टाकाल.” आणि हसले. मग पाटीचा हुकूम दिला तो मात्र जपून, चक्क हिंदीत: “बोर्ड फाटक पर लगेगा. फाटक पर. समझ गए?”

यज्ञेश्वररावांना रडू फुटत होतं. तरी ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “अच्छी तरह समझ गया, साहब.”